आयर्विनला किती फूट झालं की आमच्या बोळात पाणी येतं? पूर-नोंदींच्या कामाची रोजनिशी

६ एप्रिल २०२५, रविवार

आजपासून काम सुरू. पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न एकच असतो, "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण हे आकडे सगळ्या शहरासाठी आहेत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरकडची माणसं त्याच्या कितीतरी आधी सामान बांधायला लागतात आणि उंचावरच्या पेठांत त्या वेळी दुकानं उघडी असतात. आमचा बोळ या दोन्हींच्या मधला. २०१९ला पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही खालची खोली रिकामी करायला उशीर केला. शेजारच्या गिरणीची मोटर पाण्यात गेली आणि आमची दोन कपाटं फुगून फुटली. २०२१ला पातळी पुन्हा पन्नाशीच्या पुढे गेली. त्या वेळीही सगळे अंदाजानंच धावत होते.

बोळातल्या तेरा घरांसाठी एक कागद करायचा आहे: आयर्विनला इतकं झालं की कुणाच्या पायरीला पाणी, कुणाच्या उंबऱ्याला, कुणाच्या जोत्याला. माहिती आमच्याकडे ढिगानं आहे, फक्त ती एका जागी नाही आणि एका जातीची नाही. ही रोजनिशी दुसऱ्या बोळातल्या, दुसऱ्या गावातल्या कुणाला उपयोगी पडावी म्हणून लिहिते आहे. मी पतसंस्थेत हिशेब बघते. एक्सेल येतं, बाकीचं भाच्याकडून शिकत करणार.

आज फक्त गोळा केलं. लोकांनी पुराच्या दिवसांत बनवलेल्या पातळीच्या एक्सेल फाइली, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची चॅट, दोन फोनांतले फोटो, व्हॉइस नोट्स आणि शेजारच्या काकांची २०२१ची वही.

९ एप्रिल

पहिली चूक आणि एक संध्याकाळ वाया. फाइलींची वर्गवारी मी त्यांच्या शेपटावरून, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांवरून केली. एक्सेल एका फोल्डरात, टेक्स्ट दुसऱ्या, फोटो तिसऱ्या. पुस्तकात वाचलं होतं की एक्सेल म्हणजे स्ट्रक्चर्ड, साच्यातली माहिती, आणि फोटो म्हणजे अनस्ट्रक्चर्ड, बिनसाच्याची. भाचा बघून म्हणाला, "आत्या, ही फाइल उघडून तरी बघ." उघडली. एक्सेलच होती, पण तिच्यात एकच रकाना, 'शेरा', आणि प्रत्येक खान्यात अख्खा परिच्छेद. रेघा आहेत, पण तक्ता नाही. उलट काकांची वही हातानं लिहिलेली, पण पट्टीनं आखलेली: तारीख, वेळ, फूट, इंच, पाऊस. एकही खाना रिकामा नाही. माझ्याकडचं सगळ्यात नेटकं साच्यातलं साहित्य ते होतं आणि मी त्याचे फोटो काढून 'फोटो' फोल्डरात टाकले होते.

म्हणून वर्गवारी नव्यानं केली. प्रत्येक ढिगाला एकच प्रश्न विचारला: "पुरातल्या अमुक दिवशी संध्याकाळी पातळी किती होती?" सगळं न वाचता, नुसतं रकाना आणि ओळ धरून उत्तर मिळालं तर ते साच्यातलं, म्हणजे स्ट्रक्चर्ड. काही भाग धरता येतो पण उरलेल्यासाठी वाचावंच लागतं, ते अर्धवट साच्यातलं, सेमी-स्ट्रक्चर्ड. आणि माणसानं बसून बघितल्या-ऐकल्याशिवाय काहीच हाती लागत नाही ते बिनसाच्याचं. काकांची वही पहिल्या ढिगात गेली, पण आधी टाइप करावी लागणार. कागदावर साचा आहे, फोटोत तो मशीनला दिसत नाही.

१३ एप्रिल

साच्यातलं काम सोपं म्हणून आधी घेतलं. चार फाइली एकाखाली एक जोडल्या, आलेख काढला. आलेख करवतीच्या दात्यांसारखा आला. पूर चढत असताना पातळी ४५.९ वरून ४५.१ वर उतरली, मग ४५.११, मग एकदम ४६. नदी अशी वागत नाही.

दोन तास सूत्रं तपासण्यात गेले. मग लक्षात आलं की पहिल्या तीन फाइलींत टिंबाच्या पुढे ११ पेक्षा मोठा आकडाच नाही. .२५ नाही, .५० नाही. हा दशांश नव्हताच! आपण बोलताना "पंचेचाळीस सहा" म्हणतो ते ४५ फूट ६ इंच, आणि लोकांनी ते तसंच ४५.६ असं टिंब देऊन लिहिलं. ४५ फूट १० इंचाचं ४५.१० झालं आणि एक्सेलनं शेवटचं शून्य खाऊन टाकलं. राहिलं ४५.१. खरी पातळी ४५.८३ फूट. जवळजवळ नऊ इंचांची तफावत, म्हणजे आमच्याकडची दीड पायरी.

दुरुस्ती अशी केली. टिंबाचा रकाना आधी मजकूर म्हणून वाचला, मग 'फूट' आणि 'इंच' असे दोन रकाने वेगळे केले, आणि तिसऱ्यात फूट अधिक इंच भागिले बारा. जिथे .१ होतं तिथे ते १ इंच की १० इंच हे फाइल सांगू शकत नव्हती. अशा सत्तावीस ओळी निघाल्या. मूळ मेसेज शोधून बावीस सोडवल्या, पाच रिकाम्या ठेवल्या. मागच्या-पुढच्या आकड्यांवरून भरता आल्या असत्या, पण अंदाज आणि नोंद एकाच रकान्यात नकोत.

चौथी फाइल बोळातल्या एका इंजिनिअर मुलानं केलेली. त्याच्या फाइलीत .७५ सापडलं. त्यानं खरोखरच दशांश वापरला होता! मी त्याच्या आकड्यांनाही बाराने भागून बसले होते. उलटवलं. आता प्रत्येक ओळीला 'स्रोत' हा रकाना आहे. हा पहिल्याच दिवशी हवा होता.

२० एप्रिल

केंद्रीय जल आयोगाच्या काही नोंदी मिळाल्या. त्या समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये. ०.३०४८ ने भागून फूट केले तर भलतेच मोठे आकडे आले, कारण पुलाजवळच्या मोजपट्टीचं शून्य समुद्रसपाटीला नाही. दोन्हीकडे एकाच वेळच्या नोंदी शोधून त्यांतला फरक काढला आणि तो सगळीकडे लावला. अर्ध्या दिवसात झालं. एकक लिहिलेलं नसेल तर नीटनेटका तक्ता जास्त घात करतो, कारण त्याच्यावर आपण शंका घेत नाही.

२७ एप्रिल

दोन दिवस चॅट. व्हॉट्सॲप ग्रुप एक्सपोर्ट केला की टेक्स्ट फाइल मिळते. प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचं नाव, मग अपूर्णविराम (:) आणि मजकूर. पुढचा भाग साच्यातला, मागचा मोकळा. भाच्यानं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहून दिला, ओळीगणिक तोडणारा. काय काय बिघडलं ते सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचा वेळ इथेच जाईल.

एक, लोक मेसेजमध्ये एंटर मारतात. "पाणी वाढतंय" पहिल्या ओळीत आणि "मारुती चौकापर्यंत आलं" दुसऱ्या. दुसऱ्या ओळीला तारीखच नाही, त्यामुळे प्रोग्रॅमनं ती टाकून दिली. म्हणजे ठिकाण गेलं, नुसतं घाबरणं उरलं. आता तारखेनं सुरू न होणारी ओळ आधीच्या मेसेजला चिकटवतो.

दोन, चॅट दोन फोनांवरून काढली होती. एका फोनवर दिवस आधी, दुसऱ्यावर महिना आधी. 08/05 हे एका फाइलीत ८ मे आणि दुसऱ्या फाइलीत ५ ऑगस्ट. मे महिन्यात पुराचे मेसेज दिसले तेव्हा कळलं.

तीन, नव्या फोनच्या फाइलीत वेळ आणि एएम-पीएम यांच्यामध्ये साधी मोकळी जागा नसून वेगळंच अदृश्य चिन्ह निघालं. डोळ्यांना सारखंच दिसतं, प्रोग्रॅमला नाही. एकही ओळ जुळेना. यात रात्रीचे साडेअकरा वाजले.

चार, आकडे. कुणी 45 लिहितं, कुणी ४५. पायथनला दोन्ही कळतात, माझ्या एक्सेलनं मराठी आकडे मजकूर म्हणून बाजूला ठेवले आणि बेरजेत धरलेच नाहीत. चूक म्हणून सांगितलंही नाही.

पाच, नावं. एक्सपोर्टमध्ये नाव त्या फोनमध्ये जसं साठवलंय तसं येतं. एका फोनवर 'मिरजेच्या वहिनी', दुसऱ्यावर 'वहिनी नवीन नंबर'. माणूस एकच. "आमच्या पायरीला लागलं" या वाक्यातलं 'आमच्या' कळायला पाठवणारा ओळखावा लागतो. तेरा घरांना क्रमांक दिले आणि प्रत्येक नावापुढे हातानं क्रमांक लिहिला.

आणि सहावी गोष्ट कुठल्याही प्रोग्रॅमनं सुटली नसती. फॉरवर्ड. रात्री नऊला आलेला "आत्ताच ४९ झालं" हा मेसेज सकाळचा होता, चार ग्रुप फिरून आलेला. मेसेजची वेळ म्हणजे घटनेची वेळ नव्हे. पहिल्या फेरीत मी तसं धरलं होतं. आता दोन रकाने आहेत: 'मेसेज कधी' आणि 'घडलं कधी'. दुसरा फक्त तेव्हाच भरते जेव्हा मजकुरात तसं म्हटलेलं असतं किंवा पाठवणारा आठवून सांगतो.

३ मे

फोटो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमधली काढल्याची वेळ निघून गेलेली असते. फाइलीच्या नावात तारीख असते, पण ती फोटो फोनवर आल्याची. त्यामुळे ज्यांच्याकडे मूळ फोटो आहेत त्यांच्या दारात जाऊन मागितले. दोघांनी गुगल टेकआउट करून दिलं, म्हणजे गुगलवर साठवलेले आपले फोटो एकगठ्ठा उतरवून दिले. त्यात प्रत्येक फोटोसोबत एक जेसन फाइल येते, ही पुन्हा अर्धवट साच्याची जात. 'काढला कधी', 'कुठे' अशा नावांच्या जोड्या असतात, पण प्रत्येक फाइलीत सगळ्या जोड्या असतीलच असं नाही. एखादीत वर्णन आहे, एखादीत नाही.

इथे दोनदा आपटले. 'कुठे' मध्ये ० आणि ० आलं की तो पत्ता नव्हे, माहिती नाही असा त्याचा अर्थ. नकाशावर टाकलं तर आमचा बोळ आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात गेला. दुसरं जास्त घातक होतं. वेळ युटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत असते. लख्ख उजेडातल्या फोटोवर पहाटेचे २.४० पाहून थबकले. साडेपाच तास मिळवले, सकाळचे ८.१० झाले. फोटोत उजेड होता म्हणून चूक सापडली. नुसता तक्ता असता तर साडेपाच तास आधीची पातळी या फोटोला लागली असती, आणि चढत्या पुरात एवढ्या वेळात पुष्कळ पाणी चढतं.

११ मे

व्हॉइस नोट्स. शहाऐंशी. मशीनकडून उतरवून घ्यायचा प्रयत्न केला. पाऊस, मागचा आरडाओरडा आणि आमची बोली, तिन्ही मिळून त्यानं जे लिहिलं ते वापरण्यासारखं नव्हतं. शेवटी कानाला लावून हातानं उतरवलं. काका सोबत बसले, कुणाचा आवाज ते ओळखायला. तीन बैठका, अकरा तास.

हे अकरा तास सगळ्या कामातले सगळ्यात मोलाचे. मी आधीच एक फॉर्म केला होता: घर, तारीख, वेळ, पाणी कुठवर, कुणी सांगितलं. पंधराव्या नोटेला थांबले. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा ओरडून सांगत होता, "फुडनं न्हाई, मागनं आलंय बगा, गटारीतनं वर यायलंय!" माझ्या फॉर्मात 'कुठून' हा रकानाच नव्हता. आम्ही सगळे इतकी वर्षं नदीच्या तोंडाकडे बघत बसतो आणि पाणी मागच्या गटारातून येतं. हे ना पातळीच्या तक्त्यात होतं, ना चॅटमध्ये. बोलणाऱ्याच्या श्वासात होतं. पहिल्या चौदा नोट्स पुन्हा ऐकल्या. आणखी तिघांनी तेच सांगितलं होतं आणि मी ते गाळलं होतं, कारण लिहायला जागा नव्हती.

दुसरी एक नोट आजींची, घर क्रमांक चार. फूट-इंच काही नाही. "तुळशीकट्ट्याच्या दुसऱ्या विटंला टेकलंय, आता चुलीवरचं उचलते." इतकं नेमकं मोजमाप दुसऱ्या कुणीच दिलेलं नाही. तुळशीकट्टा आजही तिथेच आहे.

१८ मे

मोजणीचा दिवस. तेरा पायऱ्या, तेरा उंबरे, तुळशीकट्टा, विजेचा खांब, गिरणीचं जोतं. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणली, पंधरा मीटर. ओळखीच्या गवंड्याचीच, पैसे नाही घेतले. एका टोकाला पाणी खुणेवर धरायचं, दुसऱ्या टोकाला तीच पातळी मिळते. सात घरं झाल्यावर दिसलं की नळीत हवेचा बुडबुडा आहे. सगळी मापं रद्द. नळी एका टोकाकडून सावकाश भरली, उंच धरून टिचक्या मारल्या, पुन्हा पहिल्यापासून. दुपारी पावसानं गाठलं. यंदा मे महिन्यातच त्यानं ठाण मांडलंय. उरलेली चार घरं बुधवारी केली.

पहिल्या आणि शेवटच्या घराच्या पायरीत दोन फूट तीन इंचांचा फरक निघाला. रोज चालताना तो पायाला जाणवत नाही.

२५ मे

जोडणी. तीन तक्ते ठेवले. एकात आयर्विनची पातळी आणि वेळ. दुसऱ्यात ठिकाणं आणि त्यांची उंची. तिसऱ्यात घटना: कुठल्या ठिकाणी, कधी, पाणी कुठवर, कुठून. तिसऱ्या तक्त्यात प्रत्येक ओळीशेवटी मूळ फाइलीचं नाव आहे, व्हॉइस नोट असेल तर मिनिट-सेकंदसुद्धा. मूळ फाइली वेगळ्या पेनड्राइव्हवर, हात न लावता. भाच्याचा आग्रह होता की एकदा तक्ता झाला की नोट्स पुसाव्यात, जागा अडते. मी ऐकलं नाही. 'कुठून' हा रकाना मला मे महिन्यात सुचला. पुढे आणखी काही सुचलं तर परत ऐकावं लागेल.

आजची चूक गंभीर होती, म्हणून लिहिते. जिथे घटनेची नोंद नाही तिथे प्रोग्रॅम शून्य भरत होता. निकाल असा आला की २०१९ला ऐन मोठ्या पुरात बोळात पाणीच नव्हतं. खरं काय होतं? वीज गेलेली, फोन बंद पडलेले, निम्मी माणसं बाहेर पडलेली. मेसेज थांबले, कारण पाणी सगळ्यात जास्त होतं. आता 'पाणी नाही' आणि 'नोंद नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि पाणी नाही हे फक्त कुणी तसं सांगितलं असेल तरच लिहायचं.

१ जून

चॅटमध्ये पुराशिवाय बरंच आहे. फोन नंबर, कुणाच्या घरी कुणी आजारी, कोण कुठे राहायला गेलं, दागिने कुठे ठेवले. तक्त्यात नावं ठेवलीच नाहीत, घर क्रमांक तेवढे. प्रत्येक घरी जाऊन परवानगी घेतली. एका घरानं त्यांच्या व्हॉइस नोट्स काढून टाका म्हटलं. काढल्या. त्या घराची एक ओळ आता रिकामी आहे.

८ जून

पहिला छापील कागद काढून बोळात बैठक घेतली. काकांनी पाच मिनिटांत चूक धरली. २०२१च्या दोन ओळी उतरत्या पाण्याच्या होत्या आणि मी त्या चढत्यात मिसळल्या होत्या. पुलाजवळ पाणी उतरलं तरी बोळातलं साचलेलं मागे राहतं, त्यामुळे एकाच पातळीला दोन वेगळी उत्तरं मिळतात. 'चढतं की उतरतं' हा आणखी एक रकाना. तिसऱ्या तक्त्याची प्रत्येक ओळ पुन्हा पाहावी लागली, तीन रात्री.

आमचे आकडे इथे देत नाही. ते आमच्या उतारापुरते आणि आमच्या गटारापुरते आहेत. पुढच्या बोळात ते वापरले तर कुणाचं तरी नुकसान होईल. खर्च: पेनड्राइव्ह ४५० रुपये, छपाई आणि प्लॅस्टिकचं आवरण ३९० रुपये, ऑइलपेंट आणि ब्रश २६० रुपये. वेळ साधारण नव्वद तास. त्यातले पंचवीस तरी 'स्रोत', 'चढतं-उतरतं' आणि 'घडलं कधी' हे तीन रकाने सुरुवातीला नव्हते म्हणून गेले.

१५ जून

खांबावर आणि गिरणीच्या जोत्यावर निळ्या रेघा मारल्या, बाजूला आयर्विनचे फूट. पहिली रेघ मागच्या गटाराच्या झाकणाजवळ, समोर नाही. आजींनी तुळशीकट्ट्याला रंग लावू दिला नाही. तिथे दुसऱ्या विटेवर खिळ्यानं बारीक खूण केली.

२००५चं काम अजून बाकी आहे. त्या पुराची बोळात एकच भिंतीवरची खूण आहे आणि पाच माणसांच्या पाच आठवणी. एकमेकींशी जुळत नाहीत. तक्त्यात कुणाचीच घातली नाही. पाचही जशाच्या तशा, ज्याच्या-त्याच्या शब्दांत एका वहीत उतरवून घेतल्या आहेत. सहाव्या आठवणीसाठी पुढच्या रविवारी हरिपूरला जायचं आहे, २००५ला या बोळात राहणाऱ्या मावशी आता तिथे असतात.